आमची सून आणि तो पांढरा ठिपका

आमच्या सुनेला मोठ्याने बोलता येत नाही. घसा धड आहे, जीभही जागेवर आहे, पण आवाज निघतो तो असा की समोरच्याला वाटावं, ही आपली स्वतःशीच बोलते आहे. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी मुलाला म्हटलं होतं, "बायको आणलीस की मांजर? आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही." तो म्हणाला, "आई, घरात एक भोंगा आहे तेवढा पुरे." भोंगा म्हणजे मी.

आमचं लाँड्रीचं दुकान. पुढे कपडे घ्यायची-द्यायची फळी, आत दोन टेबलं, त्यामागे मोरी आणि वरच्या माळ्यावर आमचा संसार. इस्त्री माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षं झाली. आधी कोळशाची होती, मग विजेची आली. कपडे घरोघर पोचवायचं काम मुलाकडे. आणि डाग सुनेकडे.

डाग म्हणजे तिचा हातखंडा. गिऱ्हाईक शर्ट फळीवर टाकून म्हणतं, "चहा सांडलाय." ही शर्ट उलटा करते, खिडकीशी नेते, उजेडात तिरका धरते, नखाने जरासा खरवडते, वास घेते आणि हळूच म्हणते, "चहा नाही. गंज आहे. खिशात किल्ली होती का?" गिऱ्हाईक म्हणतं, "काय?" मग मी आतून ओरडून सांगते, "किल्ली! खिशात किल्ली होती का, विचारतेय ती!" असं आमचं दोघींचं दुकान चालतं.

डाग कशाचा ते कळेपर्यंत ती त्याला पाण्याचा थेंबसुद्धा लावू देत नाही. म्हणते, "चुकीचं काही लावलं की डाग जन्माचा बसतो, आई." मी घासणाऱ्यांतली. डाग दिसला की घास. त्यावरून आमचे खटके उडायचे. म्हणजे उडवायची मी, ती नुसती कपडा हातातून काढून घ्यायची.

तिला एक मुलगी. कपड्यांच्या ढिगात शिरून बसते म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. खारू चार वर्षांची असताना तिचा उजवा डोळा पहिल्यांदा लाल झाला. शाळेने घरी पाठवलं, डोळे आलेत म्हणून. आता मुलांचे डोळे येतात आणि जातात, त्यात काय मोठं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक बाटली दिली, तीन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. मी त्याला दुवा दिला.

तीन आठवड्यांनी डोळा पुन्हा लाल. मग पापणीवर रांजणवाडी. ती बसते न बसते तोच दुसरी. मग दोन्ही पापण्या सुजलेल्या, सकाळी चिकटलेल्या, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कपचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून सांगितलं, त्यांच्या पुढच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून. आम्ही गाद्या उन्हात टाकल्या, उशा बदलल्या, शेजारच्या कुत्र्याला जिन्यात बंदी केली. कुत्रं बिचारं खाली बसून वर बघायचं. डोळा लाल तो लालच.

अशी दीड वर्षं गेली. या दीड वर्षात मी जे केलं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. डोळा लाल झाला की मी कोणाला न सांगता औषधवाल्याकडे जायची आणि तीच बाटली आणायची. दोन थेंब, तीन दिवस, डोळा स्वच्छ. पोरीची शाळा बुडत नाही, आईचा जीव वर-खाली होत नाही. मला वाटायचं, आपण घर सावरतोय.

आणि दुसरं. खारू उजेडाला भिऊ लागली होती. दुकानाच्या पुढच्या बाजूला यायचीच नाही. रस्त्याने जाताना उजवा डोळा गच्च मिटून, मान वाकडी करून चालायची. मी तिला म्हणायची, "नाटकं पुरे. डोळा उघड बघू." वर्गातली मुलं तिला मिचमिची म्हणायला लागली, तेव्हा मीच म्हटलं होतं, "मिचमिच करतेस म्हणून म्हणतात."

एक दिवस सकाळी सून खारूचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता थांबली. पोरीची हनुवटी धरून तिला खिडकीशी नेलं, चेहरा जरा तिरका केला. मी इस्त्री करता करता बघत होते. शर्ट बघते तसंच बघत होती ती. बराच वेळ. मग म्हणाली, "आई, जरा या."

"काय झालं?"

"बुबुळावर बघा. खालच्या बाजूला."

मला काही दिसेना. माझे डोळे आधीच अर्धे रजेवर. तिने पोरीचा चेहरा अजून थोडा वळवला, आणि मग दिसलं. साबणाचा फेस काचेवर सुकून राहावा, तसा एक पुसट पांढरा ठिपका. आणि कडेकडून त्याच्याकडे निघालेल्या केसाहून बारीक लाल रेघा.

"ही डोळ्यांची साथ नाही," सून म्हणाली. "आपण दर वेळी वरचा रंग घालवतोय. डाग आत आहे."

तरी मी म्हटलंच, "अगं, साधी धूळ असेल." अर्ध्या तासात पोरीला तयार करून ती दाराशी उभी होती. "मोठ्या इस्पितळात जातेय. तुम्ही येता?"

मुलांच्या डोळ्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. लांब बाकं, भिंतीवर जिराफाचं चित्र आणि बाकांवर आमच्यासारखेच लोक. आईच्या मांडीवर पोर, आईचे डोळे दारावर. तीन तास बसलो. खारूने आईच्या कुशीत तोंड खुपसलं होतं, वरच्या नळीच्या दिव्याचा उजेड तिला सोसत नव्हता.

डॉक्टरबाई तरुण होत्या, आणि मला आधी तेच खटकलं. मनात म्हटलं, हिची स्वतःचीच दुधाची बाटली आत्ता सुटली असेल. पण त्यांनी घाई केली नाही. आधी विचारलं, "एकाच डोळ्याला जास्त होतं की दोन्ही? सकाळी जास्त की संध्याकाळी? रांजणवाड्या किती झाल्या? उजेडाचा त्रास कधीपासून?" सून एकेक सांगत गेली आणि डॉक्टरबाई खुर्ची पुढे पुढे ओढत गेल्या, कारण ऐकू येईना.

"घरी कुठले थेंब घातलेत?"

मी छताकडे बघत बाहेरचा जिराफ आठवायला लागले. सुनेने पिशवीत हात घातला आणि टेबलावर बाटल्या मांडल्या. एक, दोन, तीन, सहा. सगळ्या माझ्या. मी कचऱ्यात टाकलेल्या. तिने एका शब्दाने मला कधी विचारलं नव्हतं, आणि इथेही "सासूबाईंनी" असं म्हणाली नाही. म्हणाली, "हे घातले आम्ही."

डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली. "ही डोळ्याची आग दाबते, म्हणून लगेच बरं वाटतं. मीही हेच औषध देईन कदाचित. पण मोजून, आणि हळूहळू कमी करत. असं मनाने वर्षानुवर्षं घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, आणि मूळ आजार झाकला जातो तो वेगळाच. आजी, तुम्ही घालत होता का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही छताकडे बघताय."

दाब मोजला. तो ठीक निघाला. मी इतका मोठा श्वास सोडला की खारूने मान वर करून बघितलं.

मग आईच्या मांडीवर बसवून त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर ठेवली. पोर रडली, ओरडली, डोळा उघडेना. दिवा मंद केला, मग थोडा थोडा वाढवला. शेवटी कापसाच्या काडीने पापणीची कड हलकेच दाबली आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही बघा या भिंगातून." सुनेने बघितलं. मग मला बघायला लावलं. पापणीच्या कडेला बारीक भोकांची ओळ, आणि दाबलं की त्यातून टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं काहीतरी बाहेर येतं.

"इथून पातळ तेल यायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाद्यतेलासारखं स्वच्छ. ते डोळ्यावरचं पाणी सुकू देत नाही. हिच्या नळ्या तुंबल्यात, पापणीची कड सुजलीय. त्या सुजेचा त्रास रोज बुबुळाला होतो. तिथे जखम होते, जखमेकडे रक्ताच्या शिरा धावतात, आणि जखम भरली की डाग राहतो. मोठ्यांत हे पुष्कळ असतं. लहान मुलांत कोणाच्या लक्षात येत नाही, साथ म्हणून सोडून देतात."

"डाग निघेल?" सुनेने विचारलं.

"आहे तो पूर्ण निघणार नाही. पुसट होईल. तो पुढे सरकू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आत्ता मधल्या काळ्या बाहुलीपासून दोन मिलिमीटरवर आहे. बाहुलीवर आला तर त्या डोळ्याने नीट दिसणार नाही."

सुनेने अंगठा आणि बोट जवळ आणून तेवढं अंतर करून बघितलं. इतकंसं.

उपचार असे. दिवसातून दोनदा गरम कपड्याचा शेक, दहा मिनिटं, म्हणजे तुंबलेलं तेल पातळ होतं. मग पापणीला बोटाने कडेकडे हलका दाब. मग उकळून गार केलेल्या पाण्यात बाळांच्या शाम्पूचे दोन थेंब टाकून, कापसाने पापण्यांची मुळं पुसायची. पोटात घ्यायचं एक गोड औषध, काही आठवडे. मोठ्यांना देतात त्या दुसऱ्या गोळ्यांनी लहान मुलांचे दात कायमचे डागाळतात म्हणून हे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा सुनेने अशी मान हलवली की जणू दोघी एकाच दुकानात कामाला आहेत. आणि आग विझवणारे थेंब, दिवसातून चार वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी. "एकदम बंद करायचे नाहीत. कितीही बरं वाटलं तरी, किंवा कितीही वाईट वाटलं तरी. काही झालं तर इथे यायचं."

"शेक किती गरम?" मी विचारलं. काहीतरी विचारावं म्हणून.

"हाताला सोसेल इतका."

"आणि किती दिवस करायचं?"

"आजी, दिवसांत मोजू नका. दात घासतो ना आपण, तसं समजा."

पहिले दहा दिवस सगळं सुनेनेच केलं, सकाळचं आणि शाळा सुटल्यावरचंही. खारू आधी लाथा झाडायची, मग सुनेने तिला खेळण्यातल्या बाहुल्यांना शेक द्यायला लावलं. एका वेळी चार बाहुल्या ओल्या डोळ्यांनी दोरीवर लटकत असायच्या. दहाव्या दिवशी पोरीने दुकानाच्या पुढच्या बाजूला येऊन रस्ता बघितला. दोन्ही डोळ्यांनी. त्या दिवशी शर्टांच्या घड्या घालताना सुनेचं गुणगुणणं मला ऐकू आलं, म्हणजे केवढ्याने गात असेल बघा.

तेवढ्यात एका वसतिगृहाचे पडदे आले. शंभरावर पडदे, सगळे डागांनी भरलेले. सून दुपारभर मोरीत. मी म्हटलं, "दुपारचा शेक माझ्याकडे दे. मला काय कळत नाही?" तिने दिला.

मी मनापासून करत होते. पाणी तापवायचं, कपडा बुडवायचा, पिळायचा, हातावर धरून बघायचा, सोसतोय ना, मग पोरीच्या डोळ्यावर. खारू पहिल्या दिवशी "आजी, नको" म्हणाली. मी म्हटलं, "शहाणी मुलं रडत नाहीत. डोळा बरा व्हायला हवा ना?" दुसऱ्या दिवसापासून नुसत्या मुठी आवळून पडून राहायची. मी तिचं कौतुक करायची.

चार-पाच दिवसांत पापण्या लाल झाल्या. मग सुजल्या. वरची कातडी सुटायला लागली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. माझा मुलगा घाबरला की चिडतो. म्हणाला, "हे औषधच बाधतंय. बंद करा सगळं."

"एकदम बंद करायचं नाही म्हणाल्यात," सून म्हणाली.

"त्यांचं काय जातंय म्हणायला? डोळा कोणाचा आहे?"

सून म्हणाली, "आपण उद्या दाखवून येऊ." पण उद्या इस्पितळाला सुट्टी होती, परवा पडदे पोचवायचा दिवस होता, आणि मी मुलाची बाजू घेतली. दोघांनी मिळून तिला गप्प केलं. तिला गप्प करायला कष्ट ते काय पडतात? थेंब बंद झाले. मी मात्र उंटावरचा शहाणपणा केला. म्हटलं, "शेक काही औषध नाही. तो चालू राहू दे." म्हणजे जे थांबवायचं ते चालू ठेवलं आणि जे चालू ठेवायचं ते थांबवलं.

चौथ्या दिवशी खारूला डोळा उघडता येईना. खिडकीला चादर लावली तरी पाणी थांबेना. सून तिच्याजवळ बसली होती. मी जिन्यात उभी होते, आत जायचा धीर होत नव्हता. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"थेंब चार दिवस बंद आहेत," ती म्हणाली. "तरी पापणीची सूज उतरली नाही. उलट वाढली. म्हणजे पापणी थेंबांनी सुजलेली नाही."

"मग कशाने?"

"सकाळी मी करते तेव्हा बरी असते. दुपारनंतर वाढते." ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. डागाकडे बघते तशी. "आई, पाणी तापवा. रोज करता तसंच करा. माझ्या डोळ्यावर ठेवा."

"तुझ्या?"

"हो."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी कपडा बुडवला, पिळला, तळहातावर धरला. सोसत होता, चांगला कोमट होता. मी तो तिच्या मिटल्या डोळ्यावर ठेवला.

"आई गं!"

ती किंचाळून उठून बसली. आमची सून, जिचा आवाज फळीपर्यंत पोचत नाही, तिचा आवाज रस्त्यावर गेला. पापणी लालबुंद झाली होती. मी कपड्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षं बोट ओलं करून तापलेल्या इस्त्रीला लावून बघणारा हात. कडेचा चटका बसला तरी "हां" म्हणून पुढची घडी घालणारा हात. त्याला काय कळणार? त्याला सोसत होतं, म्हणून मी रोज माझ्या नातीचा डोळा पोळत होते, आणि ती शहाणी मुलगी म्हणून पडून राहत होती.

मला रडू फुटलं. सून डोळ्यावर गार पाण्याचा हात धरून म्हणाली, "नंतर रडा. आधी चपला घाला."

डॉक्टरबाई त्या दिवशी आधीसारख्या हसल्या नाहीत. यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. "थेंब कोणी थांबवले?"

"आम्ही," सून म्हणाली. पुन्हा तेच आम्ही. माझा मुलगा तिथेच उभा होता, त्याची मान खाली गेली.

"पापणीचा भाजल्याचा भाग आठवड्यात बरा होईल. तो वरवरचा आहे. माझी काळजी ती नाही. थेंब अचानक थांबल्याने आतली आग पुन्हा भडकलीय. शिरा पुढे गेल्यात." त्यांनी कागदावर गोल काढला, मधे छोटा गोल, आणि बाजूला ठिपका. ठिपका मधल्या गोलाच्या फार जवळ काढला. "आता एक मिलिमीटरच उरलाय. पापणीची कातडी बरी होईपर्यंत शेक बंद. थेंब आजपासून तासातासाला, मग सांगेन तसे कमी. तीन आठवड्यांनी कळेल, थांबलं की नाही."

"नाही थांबलं तर?" मुलाने विचारलं.

"मग पुढचं बघू. आत्ता थेंब."

ते तीन आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. एक मिलिमीटर म्हणजे किती, ते मी दिवसातून दहा वेळा बघायची. शर्टाच्या काजाची शिवण तेवढी असते. बटणाचं भोक तेवढं असतं. कुठलाही कपडा हातात घेतला की तेवढंच दिसायचं. मी खारूला हात लावणं सोडलं होतं. ती जवळ आली तर मी हात पदरात घ्यायची.

पहिल्या आठवड्यानंतर शेक पुन्हा सुरू करायचा दिवस आला, तेव्हा सुनेने पाण्याचं भांडं आणि कपडा माझ्यापुढे आणून ठेवला.

"दुपारी मी मोरीत असते. तुम्हीच करायचं."

"माझ्या हातांना कळत नाही गं."

"हाताला नाही, मनगटाला विचारा. आतल्या बाजूला. डॉक्टरबाईंनी सांगितलंय." तिने कपडा पिळून माझ्या मनगटाच्या आत ठेवला. "हे कसं वाटतं?"

"गरम."

"हे?"

"बरं वाटतंय."

"हे बरोबर. आता तुम्ही करा." पाच वेळा करायला लावलं. तिसरीत शाळा सोडल्यापासून माझी कोणी अशी परीक्षा घेतली नव्हती. चौथ्या वेळी मी म्हटलं, "मास्तरीणबाई, आता सुटी द्या." तेव्हा कुठे ती हसली. मग खारूला बोलावलं आणि तिला सांगितलं, "चटका बसला तर ओरडायचं. खालच्या गिऱ्हाइकाला ऐकू गेलं पाहिजे." खारूने आधीच ओरडून बघितलं. भोंगा घराण्यातलीच आहे.

मधे शाळेने पुन्हा घरी पाठवलं. संसर्ग म्हणे. सून डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन गेली, मीही मागून गेले, भांडायची वेळ आली तर आवाज लागेल म्हणून. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "बाकीच्या मुलांना होईल." सून म्हणाली, "होत नाही. पापणीचा आजार आहे, लागत नाही." बाई म्हणाल्या, "काय?" सून तेवढ्याच आवाजात तेच पुन्हा म्हणाली. बाईंना खाली वाकावं लागलं. तिसऱ्यांदा तेच. शेवटी बाईंनी कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकलं, चिठ्ठी वाचली आणि पोरीला वर्गात नेलं. खिडकीपासून दूरचा बाक दिला. मी बाहेर येऊन म्हटलं, "मी ओरडले असते तर दोन मिनिटांत झालं असतं." ती म्हणाली, "तुम्ही ओरडला असता तर त्याही ओरडल्या असत्या."

तीन आठवडे झाले. पुन्हा तिसरा मजला, तेच बाक. मुलगाही बरोबर होता. आत नेऊन डॉक्टरबाईंनी आधी खारूचा डावा डोळा झाकला आणि तिला लांबच्या तक्त्यासमोर बसवलं. तक्त्यावर कंगव्यासारख्या खुणा, कुठला कंगवा वर, कुठला खाली, कुठला बाजूला. दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. पहिल्या भेटीत उजव्या डोळ्याने दोन ओळींच्या पुढे ती गेली नव्हती.

पहिली ओळ. हात बरोबर. दुसरी. बरोबर. तिसऱ्या ओळीला ती थांबली. सुनेने माझं मनगट धरलं होतं, आणि किती जोरात ते तिला कळत नव्हतं. खारूने मान वाकडी केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मान सरळ. हळूहळू." हात डावीकडे गेला. बरोबर. वर. बरोबर. चौथी ओळ. खाली, उजवीकडे, आणि एक चुकलं. पाचवी ओळ. ती बघत राहिली. मग म्हणाली, "ते मुंग्यांसारखं दिसतंय."

यंत्रावर डॉक्टरबाईंनी फार वेळ घेतला. मग खुर्ची मागे सरकवली.

"थांबलाय," त्या म्हणाल्या. "शिरा रिकाम्या होत चालल्यात. बाहुलीच्या अलीकडेच आहे, आत नाही."

मुलगा भिंतीला टेकला. मी टेबलाला. सून उभीच होती.

"मग पाचवी ओळ का दिसली नाही?"

"इतके दिवस त्या डोळ्याने नीट बघितलंच नाही, म्हणून तो आळशी झालाय. त्याला कामाला लावायचं. रोज दोन तास चांगला डोळा पट्टीने झाकायचा. सातेक वर्षांच्या आत केलं तर पुष्कळ सुधारतो. पण सगळा सुधारेलच असं मी म्हणणार नाही. आणि पापण्यांचं काम चालूच. मधेच लालीही येईल. आली की घाबरायचं नाही आणि मनाने काही घालायचंही नाही."

"नाही घालणार," मी म्हटलं. कोणी मला विचारलं नव्हतं.

पट्टी तिथेच लावून दिली. डावा डोळा, चांगला डोळा, झाकलेला. आम्ही रस्त्यावर आलो. नेहमी खारू आईचं बोट धरून, डोकं तिच्या कमरेत घालून चालायची. आज सुनेने चार पावलं चालून बोट सोडलं.

"अगं, पडेल ती," मी म्हटलं.

"मी बघतेय."

"त्या डोळ्याने तिला धड दिसत नाही."

"म्हणूनच."

खारू दोन्ही हात जरा पुढे धरून चालत होती. ऊन होतं. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण तो मिटलेला नव्हता. पुढे पदपथाचा एक दगड निघालेला होता आणि तिथे वीतभर खड्डा. मी तोंड उघडलं, तर सुनेने माझ्या दंडावर हात ठेवला.

खारू खड्ड्याशी आली. थांबली. खाली बघितलं, मान वाकडी केली, मग सरळ केली. एक पाऊल बाजूला टाकलं, आणि खड्ड्याला वळसा घालून पुढे गेली.